पिंपांचं वाढलेलं वजन

सुटलो एकदाचे! दादाच्या निवृत्तीची आठवण निघाली की आमच्या तोंडून आजही आधी हेच निघतं.

माझा हा थोरला भाऊ सरकारी गोदामाचा भांडारपाल. गोदामात टंगस्टनच्या भुकटीची चारशे सीलबंद पिंपं. हा धातू तोफगोळ्यांना लागतो आणि देशात निघत नाही. उद्या लढाई जुंपली, बाहेरून येणं थांबलं, तर हाताशी असावा म्हणून साठवलेला. तेवीस वर्षांत चिमूटभर वापरला गेला नाही. "कधीच न येवोत अशा पाहुण्यांसाठी घर झाडत बसतोस," असं मी त्याला चिडवायची.

निवृत्तीला आठवडा उरला असताना तपासनीस बाई आल्या. आजवर पिंपं नुसती मोजायचे, या खेपेला वजन केलं. प्रत्येक पिंप नोंदीपेक्षा पाच-सहा किलो जास्त!

"कमी भरलं असतं तर चोरी म्हटली असती," बाई म्हणाल्या. "जास्त म्हणजे माल काढून दुसरंच काही भरलंय."

सील तोडायला वरून परवानगी हवी. ती येईपर्यंत दादावर संशय. तीन दिवस त्याला घास गिळवेना. माझं तर डोकंच फिरलं. ज्याने गोदामातली सुतळी कधी घरी आणली नाही, तो देशाचा माल खाईल?

चौथ्या दिवशी सकाळी वहिनी त्याच्या शर्टाची बाही चोळत करवादली, "हा हिरवा रंग तेवीस वर्षं धुतेय, निघेल तर शपथ! पिंपांवर थर तरी किती चढवलेत?"

दादा ताडकन उठला. गंज धरू नये म्हणून दरवर्षी तो स्वतः पिंपं रंगवायचा. जुना रंग न खरवडता, त्यावरच नवा हात.

बाईंनी स्वतः निवडलेली चार पिंपं खरवडली. रंगाच्या पापुद्र्यांनी पोतं भरलं. मग काट्यावर चढवली, तर चारही नोंदीबरहुकूम. सीलही अस्सल निघाली. बाईंना हसू आवरेना.

"अहो, साठा वाढवणारे तुम्ही पहिलेच!"

घरी येऊन दादा थेट वहिनीसमोर उभा राहिला.

"मी चोर नाही गं," म्हणाला आणि हमसून रडायलाच लागला.

"मला कशाला सांगताय?" वहिनीने पदराने त्याचे डोळे पुसले. "मी कधी विचारलं होतं?"