रिसेप्शनच्या भिंतीवर 'फिदेस'

मंडळी, आज डोकं फिरलंय.

सकाळी आमच्या शारजाच्या ऑफिसात रिसेप्शनच्या भिंतीवर सोनेरी अक्षरं लागली: फिदेस. मालक आपलेच, मराठी. ऑफिसातल्या सगळ्या स्टाफला उभं करून त्यांनी समजावलं, "लॅटिन भाववाचक नाम आहे, स्त्रीलिंगी. अर्थ, विश्वास. दिलेला शब्द पाळणं." आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुपारी आमचा चिपळूणचा फिटर गणपत आला. बहिणीचं लग्न आहे, गावी जायला मालकाने कपाटात ठेवून घेतलेला स्वतःचा पासपोर्ट हवा होता.

मालक म्हणाले, "परत येशील याची गॅरंटी काय? आधी दोन गॅरंटर आण. यल्ला, कामाला लाग."

बाहेर येऊन गणपतने मला विचारलं, "ताई, सकाळी मी भिंतीवर बसवली ती अक्षरं, त्यांचा अर्थ काय हो?"

काय सांगायचं त्याला? तुम्हीच सांगा.