संध्याकाळची गोळी

आईच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली तेव्हा ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेतून झाला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो हे घरी आल्यावर कळलं. रक्त पातळ ठेवायची एक गोळी होती, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. बाकी सगळ्या गोळ्या मिळून जेवढ्याला पडत, त्याहून ती एकटी महाग. ही मात्र चुकवायची नाही, चुकवली तर स्प्रिंगमध्ये गुठळी होईल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

आई कासार आंबोलीला एकटीच राहते. वडील गेल्यापासून ती पौड रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसते. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी पुण्याची माणसं तिचं गिऱ्हाईक. मी मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, एका खाजगी शाळेत शिकवते. महिन्याच्या गोळ्या मारुंजीतून घ्यायच्या आणि स्कूटरवरून आईला नेऊन द्यायच्या, असा माझा शिरस्ता होता. पाकीट हातात घेतल्यावर आई ते तोलून बघितल्यासारखं करायची. एकदा म्हणाली, "माझं काळीज येवढं महागाचं कधी झालं गं?" मी हसले. ती हसली नाही.

त्या गोळीमुळे तिच्या हातांवर निळेजांभळे डाग उठायचे. भाजीच्या पाटीची कड लागली तरी डाग. रक्त पातळ असलं की असं व्हायचंच, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. थंडीतल्या एका रविवारी ती ओट्यावर उन्हात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात स्वच्छ. मला आधी बरंच वाटलं. चार शेंगा सोलून होईपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं आणि मी विचारलं, गोळी घेतेस ना?

तिने आधी विषय भाजीच्या भावाकडे नेला. मी पुन्हा विचारलं. शेंगा सोलता सोलताच ती म्हणाली, "सकाळची मी घेते. संध्याकाळची टेलरभाऊंना देते."

टेलरभाऊ म्हणजे पौडच्या बाजारात शिलाईचं दुकान असलेले चाचा. आईची पोलकी वर्षानुवर्षं तेच शिवतात. वडिलांशी त्यांची चांगली उठबस होती. आईच्या आगेमागेच त्यांनाही स्प्रिंग टाकावी लागली, त्याच डॉक्टरांकडे, आणि गोळीही तीच लागली. तपासणीला दोघं एकाच बाकावर बसून असायचे. अशाच एका वेळी त्यांनी आईला सांगून टाकलं होतं की ती गोळी त्यांनी बंद केली आहे. मुलाचं कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं होतं, तयार कपड्यांमुळे शिलाईचा धंदा बसला होता. बंद केल्यापासून काही त्रास नाही, उलट हलकं वाटतं, असंही म्हणाले होते. आईने तिथेच ठरवलं. मुलगी कुठून तरी स्वस्तात आणते, जास्तीच्या उरतात, असं सांगून ती त्यांना गोळ्या देऊ लागली.

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. तिला म्हटलं, तुझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? ती म्हणाली, "एकाला पुरी आन् एकाला कायच न्हाई, हे बरं दिसतं का?"

तिने आयुष्यभर असंच केलं होतं. दारात कुणी आलं की आपल्या ताटातली भाकरी मोडायची. भाकरी मोडली तर दोघांच्या पोटाला आधार होतो. ही गोळी वाटून घेतली तर दोघांपैकी कुणालाच पुरत नाही, हे तिला कसं सांगावं मला सुचेना. चाचांना यातलं काही सांगू नकोस, मग ते गोळी घ्यायचे नाहीत, एवढंच तिने मला बजावलं.

म्हणून मी त्यांना खरं सांगितलं नाही. दुकानात जाऊन एवढंच म्हटलं की आईला तपासणीला न्यायचंय, गाडी केलीच आहे, तुम्हीही चला. ते आले. ठेवणीतला सदरा घालून, टोपी नीट करून गाडीत पुढे बसले. दवाखान्यात आईचं नाव पुकारल्यावर ती म्हणाली, दोघांना एकदमच घ्या, एकाच रस्त्यावरच्या गावांचे आहोत.

डॉक्टरांनी आधी चाचांना विचारलं, गोळी दोन वेळा चालू आहे ना. चाचा खोटं बोलणारा माणूस नव्हे. ते म्हणाले, "न्हाई साहेब. सकाळची न्हाई परवडत. संध्याकाळची वैनी देतात, त्यांच्याकडं जास्तीच्या असतात."

डॉक्टर आईकडे बघू लागले. आई टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हृदयाकडे बघत होती. चाचांनी हळूहळू मान वळवली. त्यांना कळलं ते मला त्यांच्या हातांवरून दिसलं, टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

"वैनी, आसं करायचं न्हवतं," ते म्हणाले.

"तुमी बंद केली व्हती," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले नाहीत. या गोळीचा असर अर्ध्या दिवसात उतरतो, तेव्हा इतके दिवस दोघंही निम्मा वेळ औषधाविनाच होतात, काही झालं नाही हे केवळ नशीब, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? आई म्हणाली, "भाजीचा भाव मी दिसभर करते. हितं जिवाचा भाव करायची लाज वाटती."

त्यानंतर त्यांनी दोघांचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. आईचा सुरुवातीचा नाजूक काळ उलटून गेला होता, तिला त्यांनी दिवसातून एकदा घ्यायची जुनी, स्वस्त गोळी लिहून दिली. चाचांची स्प्रिंग नळीच्या अवघड फाट्यावर होती, त्यांची गोळी बदलायला ते तयार नव्हते. पण कंपनीचं नाव खोडून त्यांनी नुसतं औषधाचं नाव लिहिलं आणि जेनेरिकच्या दुकानातून आणा, आणली की मला एकदा दाखवा, असं सांगितलं. ताकदीच्या म्हणून चालू राहिलेल्या दोन गोळ्या दोघांच्याही काढून टाकल्या. आणि यातलं काहीही यापुढे आपल्या मनाने बदलायचं नाही, आधी फोन करायचा, असं मला बजावलं. सगळं मिळून खर्च इतका उतरला की हिशेब चुकला की काय असं मला वाटलं.

पुढे कितीतरी दिवस चाचा आईच्या भाजीकडे फिरकले नाहीत. आईला ते लागलं, पण ती म्हणाली, राहू दे, त्यांच्या जागी मी असते तर मीही तोंड दाखवलं नसतं. मग एके दिवशी ते आले. मेथी घेतली, वांगी घेतली. आई सवयीने वर मूठभर कोथिंबीर टाकायला गेली, तर त्यांनी तिचेही पैसे काढून पाटीत ठेवले. आईने ते मुकाट उचलले. मी म्हटलं, किती ताणायचं हे? तर आई म्हणाली, "ताणत न्हाईत ते. सरळ हुभं ऱ्हातायत."

जेनेरिकचं दुकान पिरंगुटला आहे. चाचा दोरे आणि अस्तराचं कापड आणायला तिकडे जातातच. हल्ली आईच्याही गोळ्या तेच आणतात. आई पै न् पै चुकती करते, ते मोजून घेतात, मग पाटीमागच्या खोक्यावर बसून बिनसाखरेचा चहा पितात. इतकी स्वस्त गोळी खरीच काम करते का, असा संशय दोघांनाही अजून आहे. मागच्या तपासणीत त्यांनी तो डॉक्टरांना तोंडावर विचारला. विचारलं आईनेच, आणि चाचा शेजारी बसून मान हलवत होते.