डुक्कर कोणाच्या वावरात?

आमच्या रायफलीतून गोळ्या फार थोड्या सुटल्या, किस्से मात्र ढीगभर! चहाला बसलं की एक निघतो अन् त्याच्या मागून चार येतात.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. सोनाळ्यात गणुकाका, रामभाऊ आणि मी, तिघांची वावरं बांधाला बांध लागून. सातपुड्यातली रानडुकरं उतरून भुईमूग उकरायची. गणुकाकांची वर्षाची सगळी भिस्त त्या भुईमुगावर. म्हणून तिघांनी मिळून एक जुनी रायफल घेतली. लायसन माझ्या नावावर.

दुकानात एका गोळीचा भाव ऐकून काका खालीच बसले. "इतल्यात तं डुक्कर आठ दिवस पोटभर जेवते!"

शेवटी नियम ठरला. डुक्कर ज्याच्या वावरात, गोळी त्याची.

*

गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून रामभाऊ रिकामी रायफल धरून तोंडानंच "ठो!" करायचा. महिनाभर ही प्रॅक्टिस!

एक दिवस खरंच डुक्कर समोर आलं. रामभाऊनं नेम धरला, जोरात "ठो!" म्हणाला, अन् ते पडायची वाट पाहत उभा राहिला. डुक्करही बिचारं जरा थांबलं हो!

*

मग दुर्बीण घ्यायची ठरली. दुकानदार म्हणाला, "ही घ्या, चारपट मोठं दिसते."

काका बिथरलेच. "चारपट डुक्कर कशाले बाप्पा? आहे तेच आवरून नाही राह्यलं!"

तरी घेतली. ती रायफलीवर बसेचना, मग हातात धरूनच पाहायची.

*

एका सकाळी काकांच्या भुईमुगात अख्खा कळप! मी रायफल घेऊन तयार. काकांनी दुर्बीण उलटी डोळ्याला लावली.

"पाह्य, कितलं दूर हाय! रामभाऊच्या वावरात. गोळी त्याची!"

रामभाऊनं ती हिसकावून सुलटी धरली. "काका, हे तं तुमच्या पायापाशी आलं!"

दुर्बीण या हातातून त्या हातात. डुक्कर दूर जाई, जवळ येई. "मारू का?" मी ओरडलो.

"थांब बे! आधी कोणाचं ते ठरू दे!"

ठरेपर्यंत कळप जेवून निघून गेला. शेतात दोन ओळी उरल्या. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी काकू आल्या. काकांनी दुर्बीण सुलटी करून त्यांच्या हातात दिली. "पाह्य वं, कितला भुईमूग हाय अजून!"

काकूंनी पाहिलं. दुर्बीण परत दिली.

"आता उलटी धरा अन् घराकडं पाहा. खाणारी तोंडं बारीक दिसतीन!"