रेवतीचा डावा कान

आमच्या घरात दोघींकडे तंदुरुस्तीचे सरकारी दाखले आहेत आणि माझ्याकडे फक्त रक्तदाब. मुलगी केतकी वैमानिक होण्यासाठी शिकते, तिचा दाखला पहिल्या वर्गाचा. दुसरा वर्ग हौशी वैमानिकांचा. बायको रेवती विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणून तिचा तिसऱ्या वर्गाचा. केतकी तिला 'थर्ड क्लास' म्हणून चिडवते. रेवतीचं उत्तर ठरलेलं, की तिसऱ्या वर्गाने हो म्हटल्याशिवाय पहिला वर्ग जमिनीला लागत नाही.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरवरून संध्याकाळी विमानं उतरायला जातात. सुट्टीच्या दिवशी रेवती बाल्कनीत डोळे मिटून बसते आणि मी शेजारी मटार सोलतो. थंडीत आभाळ धुरकट असतं. आवाज येतो, विमान दिसतच नाही. ते कुठलं, हे ती आवाजावरून सांगते. अशा वेळी मला वाटतं, ही खुर्चीसकट जमिनीपासून वीतभर वर गेली आहे.

गेल्या वर्षी तिने खुर्ची फिरवून उजवा कान आभाळाकडे केला. माझं तर तू दोन्ही कानांनी ऐकत नाहीस, असं मी म्हणालो. ती हसली नाही. तेव्हा मला कळलं. मग फिरायला जाताना मी गुपचूप तिच्या उजवीकडून चालू लागलो. आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

मेडिकलची तारीख आली. दाखला गेला तर बावीस वर्षांचा माइक जाणार आणि पुढ्यात फायली येणार. या बाईला फायलींचा किती तिटकारा आहे ते मला विचारा.

काचेच्या खोलीत तिच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण दिलं. बारीक शिटी ऐकू आली की दाबायचं. उजवा कान झाला. डाव्यात काहीच येईना. पण इतक्या वर्षांत शिट्यांमधलं अंतर तिला पाठ झालेलं. ती त्या ठेक्यावर दाबत राहिली. ती शांतता मऊ होती, ती नंतर मला म्हणाली, धुक्यात तरंगल्यासारखी. बाहेर तंत्रज्ञ समाधानाने लिहीत होता.

त्या धुक्यात तिला आठवलं, नव्या कंट्रोलरांना ती पहिल्या दिवशी काय शिकवते. दिलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची. नाही दाखवली, तर त्याने ऐकली असं धरायचं नाही. अंदाज तर मुळीच करायचा नाही.

तिने हेडफोन काढले आणि दार उघडलं. "भैया, बायाँ कान फिर से लीजिए. मैं अंदाज़े से दबा रही थी."

दाखला तूर्त नामंजूर झाला. संध्याकाळी बाल्कनीत मी तिच्यावर चिडलो. उजवा कान धडधाकट आहे, काय बिघडलं असतं, म्हणालो.

"एक दिवस वर केतकी असेल," ती म्हणाली. "ती बोलेल आणि खाली कुणीतरी अंदाजाने हो म्हणेल. चालेल तुला?"

धुरक्यातून एक विमान गेलं. ते कुठलं, हे तिने सांगितलं नाही. मी सवयीने तिच्या उजवीकडे बसायला गेलो, तर तिने माझ्यासाठी डावीकडची खुर्ची ओढली. आता लपवायचं काय, म्हणाली.

मी बसलो आणि इतक्या वर्षांत कधी धड म्हटलं नव्हतं ते म्हणालो.

तिने मान वळवली. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"तुला माझा अभिमान वाटतो," तिने परत म्हणून दाखवलं.