दोन पाउंड जास्त

सर्जेराव थोपटे चाळीस वर्षं सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीवजा दुकानात टेनिसच्या रॅकेटींना तारा ओढून देत. गटिंगचं काम. गिऱ्हाईक जेवढा ताण मागेल, त्याहून दोन पाउंड ते गुपचूप जास्त ओढत. गाठ मारली की तार सैल पडतेच, ही त्यांच्या वस्तादांची शिकवण. गिऱ्हाइकाला सांगायची मात्र रीत नव्हती.

बारा वर्षांपूर्वी बालेवाडीच्या स्पर्धेला लिदिया ओरेखोवा नावाची एकोणीस वर्षांची रशियन मुलगी आली होती. तिच्या रॅकेटची तार तुटली आणि कुणीतरी तिला सर्जेरावांकडे धाडलं. तिनं पन्नास मागितले, यांनी बावन्न ओढले. त्या आठवड्यात ती स्पर्धा जिंकली.

तेव्हापासून सर्जेराव सकाळच्या चहाआधी तिचा जागतिक क्रमांक बघत. एकशे चाळीसवरून ती ब्याण्णववर आली, तेव्हा त्यांनी शेजारी पेढे वाटले. मग घसरण लागली. दोनशे, तीनशे.

"हरली वाटतं आज तुमची लेक," पत्नी इंदुबाई ताट वाढताना म्हणायच्या. "म्हणजे भाकरी अर्धीच वाढू ना?"

यंदा लिदिया पुन्हा पुण्यात आली आणि पहिल्याच फेरीत हरली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून दुकानात आली. सर्जेरावांची मुलगी अपेक्षा तिथंच होती, लिदियाचं बोलणं तिनं मराठीत सांगितलं.

"बाबा, ती खेळणं सोडतेय. म्हणते, तुम्ही ओढून दिलीत तशी रॅकेट पुन्हा कुठंच मिळाली नाही. सगळीकडे पन्नासच मागितले, सगळ्यांनी पन्नासच दिले. शेवटी तिला वाटलं, आपला हातच बिघडला."

सर्जेरावांनी हातातली तार खाली ठेवली. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं?

"तिला सांग, ते पन्नास नव्हते. बावन्न होते."

"अहो बाबा, आता कशाला?"

"सांग तू."

अपेक्षानं सांगितलं. लिदिया हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. ती स्टुलावर बसली, उजवा हात मांडीवर उलटा करून बघत राहिली. मग हळूच काहीतरी बोलली.

"रागावली का गं?"

"नाही बाबा. म्हणते, म्हणजे माझा हात चांगलाच होता."

सर्जेरावांनी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.