कासिमिरोच्या दाराचा खडखडाट

बानी गावात कासिमिरोच्या गाडीचा हॉर्न सोडून सगळं वाजायचं. हॉर्न कधी मुका झाला, ते त्यालाही आठवत नव्हतं. पुढे दोन, मागे चार माणसं कोंबून ती गाडी वीस वर्षं बाजाराच्या फेऱ्या मारत होती. "पोहोचवतो ना? मग झालं," हे तक्रारींना विधुर कासिमिरोचं ठरलेलं उत्तर.

गेली दोन वर्षं मात्र रोज सकाळी सातला सगळे मानाने 'दोन्या' म्हणायचे त्या फ्रेदेसबाई त्याच्या शेजारी बसायच्या, मांडीवर शेळीच्या दुधाच्या वड्यांचं ताट घेऊन. तेव्हापासून कासिमिरो रोज दाढी करू लागला होता. बोलायची छाती होत नव्हती, म्हणून तो बचाताची, म्हणजे गिटारवरची हळवी प्रेमगाणी लावायचा. जे काय सांगायचं ते गवयानेच सांगावं!

एके दिवशी बाई म्हणाल्या, "कासिमिरो, हा बाबा गातोय, की कुणी त्याला कढईत तळतंय?"

मागचे चौघे खो खो हसले. त्यातल्या एकीने तेल ओतलं, "त्या विल्किनच्या गाडीत बसून बघा, दोन्या. गाणं थेट पोटात वाजतं!"

कासिमिरोचं तोंड एवढंसं झालं. उद्या बाई खरंच त्याच रस्त्यावर गाडी फिरवणाऱ्या विल्किनकडे बसू लागल्या तर?

शनिवारी तो साउंडवाल्या नेरेओकडे गेला. "विल्किनसारखं बेसचं मोठं खोकं बसव."

नेरेओने त्याच्या मुठीतल्या चार नोटा पाहिल्या आणि डिकी उघडली. "इथे खोकं आलं, तर बायकांची केळ्यांची पोती काय तुझ्या डोक्यावर ठेवायची? ऐक माझं. भंगारात निघालेल्या गाडीचे दोन चांगले स्पीकर आहेत, ते पुढच्या दारांत घालू. वायर नवी ओढू. पण आधी दारं गप्प करू. दार थरथरलं, की सोन्याचा स्पीकरही मातीमोल."

दोघांनी दुपारभर दारांना आतून जुन्या रबरी चटया चिकटवल्या, स्क्रू आवळले. मग गाणं लावलं. गिटारची एकेक तार सुटी ऐकू आली. कासिमिरोचे डोळेच भरून आले.

"अरे, हा गवई मध्ये श्वासपण घेतो!" तो म्हणाला.

सोमवारी सातला तो बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. गाणं मुद्दाम बंद ठेवलं होतं. त्या बसल्या की लावायचं. पण बाई आल्याच नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी तो न थांबताच पुढे गेला, आणि दिवसभर उतारूंवर खेकसत राहिला.

गुरुवारी काही राहवेना. तो बाजारात तडक त्यांच्या ताटासमोर जाऊन उभा राहिला.

"या! मला टांग मारून वर वडी खायला आलात?" बाई कडाडल्या.

"मी टांग मारली? अहो, गल्लीच्या तोंडाशी उभा होतो मी! तुम्हीच गेलात त्या विल्किनच्या..."

"त्याच्या गाडीत माझ्या वड्यांचा भुगा होईल! पायी येतेय, ताट डोक्यावर घेऊन. रोज दाराआड कान देऊन उभी असते मी. बेकरीच्या वळणावर तुमचं दार खडखडलं, की ताट उचलायचं. सोमवारपासून ते वाजलंच नाही!"

कासिमिरोने कपाळावर हात मारला. "पैसे देऊन बंद केलं हो मी ते. तुमच्यासाठीच."

बाई हसत सुटल्या, पदर नव्हता म्हणून अ‍ॅप्रनने डोळे पुसले. कासिमिरोच्या डोक्यात मात्र उजेड आता कुठे पडत होता.

"म्हणजे दोन वर्षं... रोज... माझी वाट?"

"रविवारीसुद्धा कान तिकडेच असतो मेला. घ्या, वडी खा."

शुक्रवारी पहाटे कासिमिरोने डाव्या दाराचा एक स्क्रू स्वतःच्या हाताने सैल केला. बेकरीच्या वळणावर दार खडखडलं. बाई ताट घेऊन फाटकात हजर. त्या बसल्या आणि त्याने गाणं लावलं.

बाईंनी डोळे मिटून एक कडवं ऐकलं. "छान गातो," त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी आवाज पार बारीक केला. मागचे चौघेही कान देऊन पुढे वाकले.

"हं," बाई म्हणाल्या, "आता तुम्ही बोला."