स्पॅनिश ऑडिओ आणि आमचे बाबा

आमच्या कतारमधल्या, दोह्याच्या घरी टीव्हीवर कार्टून लावलं की भाषा निवडता येते. इंग्रजी, अरबी, फ्रेंच, स्पॅनिश, हिंदी. मराठी नाही. त्याचा मला कधी राग आला नाही. परक्यांनी आपलं कशाला बघावं? राग आला तो आपल्याच माणसांचा.

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा नाशिकहून आमच्याकडे, दोह्यातल्या अल सद्द भागात, राहायला आले. नातीशी पोटभर गप्पा मारायच्या, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. बाबांचं इंग्रजी जेमतेम. तरी संध्याकाळी दोघं सोफ्यावर शेजारी बसून हिंदीतलं कार्टून बघायची. बाबा खो खो हसायचे, मग तीही हसायची, मधेच एखादं मोडकंतोडकं मराठी वाक्य बोलायची. बाबा त्यावरच खूश.

मग शाळेत स्पॅनिश सुरू झालं आणि तिने ऑडिओ स्पॅनिश केला. बाबा तरीही रोज शेजारी बसत राहिले.

एका शुक्रवारी नवऱ्याचा वेस्ट बे भागातल्या ऑफिसातला मित्र बायकोला घेऊन जेवायला आला. दोघं पुण्याचे. आमच्या मस्त मराठीत गप्पा चालल्या होत्या. लेक खोलीतून बाहेर आली आणि सगळ्यांनी एकदम इंग्रजी सुरू केलं. इथल्या मराठी घरांची ही रीतच आहे. पोर दिसलं की भाषा बदलायची, जणू मराठीचा संसर्ग होतो! बाबांचं वाक्य अर्धवटच राहिलं.

लेकीने टीव्ही लावला. स्पॅनिश ऐकून पाहुणीबाई हरखल्या. "वॉव, किती स्मार्ट! दोन भाषा म्हणजे ब्रेनला एकदम बेस्ट हं. आमच्या घरात तर मराठी खलास. मुलगा कन्फ्यूज व्हायचा ना."

खलास म्हणे! स्पॅनिशने मेंदू तल्लख होतो आणि मराठीने गोंधळतो, हे यांना सांगितलं कुणी? माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात बाबांनी नातीला विचारलं, "काय म्हणाला गं तो ससा?"

"नॉट नाऊ, आजोबा!" तिने मानही वळवली नाही.

पाहुणे हसले. "काका, आता तुम्हीच शिका स्पॅनिश!"

बाबाही कसनुसे हसले. मी उठून टीव्ही बंद केला. "त्यांनी का शिकावं? तिला मराठी येतं. आपण सगळे मिळून ते विसरायला लावतोय तिला."

नंतर नवरा स्वयंपाकघरात येऊन पुटपुटला, "अगं, पाहुण्यांसमोर कशाला?" बाबांची फजिती पाहुण्यांसमोर झालेली चालते, मी बोललेलं मात्र चालत नाही.

बाबा नाशिकला परतले. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी चष्मा सावरला, घसा खाकरला आणि अस्सल नाशिककर सुरात म्हणाले, "ओला! कोमो एस्तास?"

चक्क स्पॅनिशमध्ये ‘कशी आहेस?’! लेक आनंदाने किंचाळलीच. एरवी हाय-बाय करून पळणारी ती फोन धरून बसली. बाबांचा चेहरा असा फुलला होता की मला रडू यायला लागलं, आणि संतापही आवरेना. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्वतःच्या नातीशी बोलायला स्पॅनिश शिकायचं?

दुसऱ्या दिवशी ती शाळेत सगळ्यांना सांगून आली, माझे आजोबा स्पॅनिश बोलतात. ते मराठी बोलतात, हे तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.